उकरलेली माती

लोणारच्या गाडीची घोषणा करता करता सुवर्णा मध्येच थांबली. ‘बुलढाणा ते लोणार, मार्गे चिखली, मेहकर...’ एवढं तोंडातून गेलं आणि पुढचे शब्द, जे तिनं झोपेतून उठवलं तरी न चुकता म्हटले असते, ते गळ्यातच राहिले. माईक चालूच होता. सगळ्या बसस्टँडवर भोंग्यातून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. पिशव्या उचलून उभी राहिलेली माणसं वर पाहू लागली. कंट्रोलच्या खिडकीसमोर, फाटकाबाहेर एक टेम्पो थांबला होता. त्यावर एकावर एक रचलेल्या जाळीच्या क्रेट आणि त्यांत कोंबून भरलेल्या पांढऱ्या कोंबड्या. पांढऱ्या म्हणायच्या इतकंच. त्यांतल्या एकीनं मान जाळीतून बाहेर काढली होती. त्या मानेवर पीस म्हणून नव्हतं, गुलाबी कातडी उघडी पडली होती, फिकट तुरा लुळा होऊन एका डोळ्यावर आला होता आणि उरलेल्या डोळ्यानं ती सरळ खिडकीत पाहत होती. ओरडत नव्हती, धडपडत नव्हती. रसवंतीचे घुंगरू, रिक्षांचे हॉर्न, कंडक्टरांची आरडाओरड, कशाचंच तिला काही नव्हतं. ती पाहत होती, आणि सुवर्णाला एकदम वाटलं की आपण आता जे म्हणणार आहोत ते हिला ऐकायचं आहे. मेहकरनंतर काय येतं, ते.

‘मॅडम, माईक चालू हाय,’ शेजारी बसलेला गोविंदा, तिच्या पाळीतला दुसरा नियंत्रक, हळूच म्हणाला. सुवर्णानं माईक त्याच्या हातात दिला आणि चपला पायात सरकवून ती बाहेर पडली. पाळी संपतच आली होती, पण पाळी संपायच्या आत ती खुर्चीवरून उठली असं आजवर कधी झालं नव्हतं. पाठीमागे गोविंदानं लोणारची गाडी पुरी केली. त्याच्या आवाजात ते गाव भलतंच कुठलं तरी वाटलं.

टेम्पोपाशी चहाचा कप हातात घेऊन वाहेद उभा होता. सुवर्णाच्या परसामागच्या भिंतीपलीकडे अख्तरीखाला राहत, त्यांचा हा थोरला मुलगा. तिला पाहून त्यानं कप खाली ठेवला.

‘कुठून आणल्या रे ह्या?’ तिनं विचारलं.

‘चिखलीकडून, भाभी. अंड्याचं फारम हाय तथी. अंडे कमी झाले का जुन्या काढतात, नव्या भरतात. ह्या मलकापूरले चालल्या, हॉटेलात.’

‘एक क्रेट मले दे.’

‘कायले? हाडंच हाडं हायेत यायच्यात. रस्सापन होनार नाही. तुमाले गावरानी आनून देतो ना मी.’

‘खायले नाही पाहिजेत.’

‘मंग?’

सुवर्णा टेम्पोचं दार उघडून वरही चढली, लहान पोरीच्या हुरुपानं. टेम्पोत वाहेदच्या शेजारी बसून घराकडे जाताना ती मागच्या काचेतून पुन्हा पुन्हा वळून पाहत होती. माहेरी, धामणगाव बढ्यात, लहानपणी आईच्या कोंबड्या होत्या. तांबड्या, काळ्या, कबऱ्या, उकिरड्यावर राज्य करणाऱ्या. आईची, भिमाबाईची, हाक ऐकली की आळीच्या टोकाहून पंख पसरून येत आणि रात्री कडुनिंबाच्या फांदीवर जाऊन बसत. त्यांच्या डोळ्यांत कायम भांडण असे. असा डोळा सुवर्णानं त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. कुठं पाहिला होता मग? ती आठवू लागली, कंडक्टर असताना साखरखेर्ड्याच्या, मोताळ्याच्या, कुठल्या कुठल्या गाडीत तिकिटं फाडताना वर पाहिलेले हजारो चेहरे तिच्या डोळ्यांपुढून सरकले, त्यांत तो सापडेना. आणि सापडत नव्हता म्हणूनच की काय, तिला मनातून जराशी भीतीही वाटत होती. इतकं आनंदून जावं असं आपल्या हातून काय झालं आहे? मेल्या म्हणजे?

क्रेट परसात उतरवून वाहेद गेला. आवाज ऐकून तिचा नवरा प्रसेनजित मागच्या दारात आला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचं सगळं लक्ष घरावर होतं. त्यानं घराला रंग दिला, नळ बदलले, आणि आता परसाची पाळी होती. भिंतीला लागून सिमेंटचे गट्टू ओळीनं रचून ठेवले होते.

‘हे काय आनलं व?’

‘कोंबड्या.’

‘ते दिसून राह्यलं मले. ठेवतं कुठं? सोमवारी तुळशीराम मिस्त्री येऊन राह्यला. ही सारी माती झाकून गट्टू बसवाचे हायेत. समताले पाहाले पाव्हने येतीन, तवा मांगच्या दारात चिखल दिसू द्याचा का त्यायले?’

समता त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला. तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं आणि गट्टूंचा रंगही तिनंच फोनवरून निवडला होता. सुवर्णानंही हो म्हटलं होतं, नाही असं नाही. रोज झाडून झाडून ती माती दगडासारखी टणक झाली होती. तिचं कुणाला काय प्रेम असणार? पण आता प्रसेनजितच्या तोंडून ‘झाकून’ हा शब्द ऐकताना तिच्या तळपायाला काहीतरी झालं.

‘सोमवार येऊ तर द्या,’ ती म्हणाली आणि क्रेटचं दार उघडलं.

कोणीच बाहेर आलं नाही. दार उघडं, पलीकडे ऊन, पेरूच्या झाडाची सावली, मोकळी जागा, आणि त्या तशाच, एकमेकींच्या पाठीवर माना टाकून, दारात जाळी आहे असं समजून उभ्या. सुवर्णानं तांदळाच्या कण्या टाकल्या. आईची हाक आठवून ‘आ तितितिती’ केलं. कण्या त्यांना खाणं वाटलं नाही आणि हाक हाक वाटली नाही. शेवटी तिनं हात आत घातला आणि पहिली कोंबडी बाहेर काढली. तिचं वजनच लागेना. नुसती ऊब आणि तिच्या आत चाललेली कसलीशी अतिवेगवान धावाधाव. ते काळीज आपल्या तळव्यावर उडतं आहे आणि आपलंही तितकंच उडतं आहे, यातलं कुठलं कुणाचं हे तिला क्षणभर कळेना. तिनं तिला मातीवर ठेवलं. लांब वाढून वाकडी झालेली नखं मातीला टेकली तशी कोंबडीनं पाय उचलला, परत ठेवला, परत उचलला. तव्यावर उभी राहिल्यासारखी. मग जिथं ठेवली तिथंच थांबली. दुसरी ठेवली, तीही थांबली. सगळ्या काढून झाल्या तेव्हा परसाच्या मधोमध क्रेटएवढ्याच जागेत त्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि भोवतीची सगळी जमीन रिकामी.

प्रसेनजित हसला नाही. पाहत राहिला आणि आत गेला.

सुवर्णा पायरीवर बसली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला पलंगाच्या एका कोपऱ्यावर बसवलं होतं. सासू नव्हती, नणंदा लग्न उरकून गेल्या, प्रसेनजित कामावर गेला, आणि उठू नको असं कुणी सांगितलेलं नसताना ती त्या कोपऱ्यावर बसून राहिली. मागचं दार उघडं होतं. दारातून पेरूचं झाड दिसत होतं, तेव्हा लहान होतं. आपलंच घर, पण त्या दारातून बाहेर जायचं असतं की नाही, हे कुणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं. दुपार झाली, भूक लागली, डबे कुठले उघडायचे ते कळत नव्हतं. मग भिंतीवरून एक डोकं वर आलं, ओढणीतलं, नाकात चमकी असलेलं. ‘नवी दुल्हन हाय का तू? बाहेर तो आ बेटा, तुझं तोंड पाहू दे.’ आणि ती उठली होती. एवढंच. बाहेर तो आ. पुढं तिनं खाकी साडी नेसून साऱ्या जिल्ह्यातले रस्ते पालथे घातले, धावत्या गाडीत एका हातानं दांडा धरून नोटा मोजल्या, दारुड्यांना मधल्या रस्त्यात उतरवलं. पण पलंगाच्या कोपऱ्यावरून मागच्या दारापर्यंतच्या त्या चार पावलांएवढा लांबचा प्रवास आपण पुन्हा केलाच नाही, असं तिला आज पायरीवर बसल्या बसल्या वाटलं आणि गंमत वाटली.

ते डोकं आत्ताही भिंतीवर आलंच. आता केस पांढरे, चमकी तीच.

‘वाहेद बोला मेरे को,’ अख्तरीखाला म्हणाल्या. ‘या अल्ला! कपडेच नाहीत वं यायच्या अंगावर.’

‘खाला, पानी पेत नाहीत ह्या. भांडं समोर ठेवलं तं भांड्यात पाय देऊन उभ्या राह्यल्या.’

‘पेतीन. तू जरा दम धर.’

दम धरणं सुवर्णाला जमणारं नव्हतं. ती उठली, बसली, भांडं इकडून तिकडे सरकवलं, बोट बुडवून एकीच्या चोचीला लावलं. चोचीचं टोक कापलेलं होतं; खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. पलीकडे परसातला नळ नेहमीसारखा थेंब थेंब गळत होता. प्रसेनजितनं बदललेल्या नळांत तेवढा एक राहिला होता. आणि त्या घोळक्यातली एक, सगळ्यांत उघडी, मानेपासून छातीपर्यंत पिसं नसलेली, मान लांब करून त्या तोटीकडे पाहत होती. थेंब फुगला, चमकला, पडला. तिनं एक पाय टाकला. थेंब पुन्हा फुगला. तिनं दुसरा टाकला. सुवर्णानं श्वास धरला. कोंबडी तोटीखाली आली, मान सरळ वर केली आणि लोंबकळणारा थेंब नेमका टिपला. मग दुसरा. त्यांना पाणी वरून थेंबानं मिळत असणार, पिंजऱ्यातल्या कुठल्याशा नळीतून; जमिनीवर साठलेलं पाणी म्हणजे पाणी, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं!

‘खाला! पेली! पाह्यलं का? पेली!’ सुवर्णा अशी ओरडली की आतून प्रसेनजित धावत आला. तोवर तिनं त्याची प्लास्टिकची बाटली पळवली होती, दाभणानं तळाला भोक पाडून ती पेरूच्या फांदीला तारेनं टांगत होती. ‘तुमचा तो नळ दुरुस्त नाही केला ते बेस केलं तुमी,’ ती म्हणाली. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या त्या बाटलीखाली माना वर करून उभ्या होत्या. त्या उघड्या कोंबडीला प्रसेनजितनं नकळत नाव देऊन टाकलं. ‘ती टकली पाह्य कशी हुशार हाय,’ तो म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या पोत्यांच्या आडोशाला त्यांना कोंडलं होतं तिथं एक मरून पडली होती. टकली नव्हे, दुसरी, जिला त्यांनी अजून नीट ओळखलंही नव्हतं. सुवर्णा चहाचं भांडं हातात घेऊन तिच्याजवळ उभी राहिली. आता आपल्या मागे पावलं वाजणार, प्रसेनजित म्हणणार, म्हनलं होतं ना मी. तिनं खांदे आवळून ते वाक्य अंगावर घ्यायची तयारी केली. कालचा सगळा उत्साह तिला एकाएकी लाजिरवाणा वाटला. पन्नाशीची बाई, माईक टाकून पळाली, का तर मरायला टेकलेलं एक पाखरू तिच्याकडे पाहत होतं! पावलं वाजली. प्रसेनजित शेजारी येऊन उभा राहिला.

‘कुदळ कुठं ठेवली आपली?’ त्यानं विचारलं.

त्यानं पेरूपलीकडे खड्डा खणायला घेतला. वरची माती फुटता फुटेना, कुदळ ठणकन उडायची. मग कवच तुटलं आणि आतून ओलसर, काळीभोर माती वर आली, वास घेऊन. निवृत्त झाल्यापासून प्रसेनजितनं घामाचं काम केलं नव्हतं. त्याचा बनियन पाठीला चिकटला. तो पुरे झालं तरी थांबेना. खड्ड्याच्या आजूबाजूचीही माती त्यानं उकरली, ढेकळं हातानं फोडली, एखादी गोष्ट राहून गेली होती आणि ती आत्ताच करायला हवी, असं. कोंबडी त्यांनी खाली ठेवली. सुवर्णानं हात जोडले. लोटून झाल्यावर भुसभुशीत मातीचा एक मोठा काळा पट्टा परसात उरला.

तुळशीराम मिस्त्री सोमवारी सांगितल्या वेळेला हजर झाला. सुवर्णाची त्या दिवशी सुटी होती. त्यानं दोरी काढली, एक टोक प्रसेनजितच्या हातात दिलं, दुसरं घेऊन भिंतीकडे निघाला. सुवर्णा दारात उभी होती. बोलायचं ते तिनं रात्रभर मनात जुळवलं होतं. पाव्हणे येतील, चहा पितील, जातील. त्यांच्यासाठी ही सगळी जमीन झाकायची? समताला सांगू की... पण वाक्य पुरं होईना. नेमकं काय वाचवायचं आहे आपल्याला? ही टणक, झाडलेली माती? त्या कोंबड्यांनीही दोन दिवसांत तिच्यावर धड चालून दाखवलं नव्हतं. घारीची सावली पडली की जमिनीला चिकटायच्या, वाळत घातलेला टॉवेल हलला तरी चिकटायच्या. उद्या गट्टूंवर ठेवल्या तर गट्टूंवर उभ्या राहतील. तिनं परसाकडे पाहिलं, आणि काळ्या पट्ट्यात, उन्हात, तिला टकली दिसली. आडवी पडलेली. एक पंख उलगडून मातीवर पसरलेला, पाय मागे ताणलेले, मान मुरगळल्यासारखी एका कुशीवर, डोळा मिटलेला.

‘मेली!’ सुवर्णाच्या तोंडून किंकाळी फुटली. ‘अहो, टकली मेली!’

प्रसेनजितनं दोरी सोडून धाव घेतली. तुळशीराम आला. सुवर्णा सगळ्यांच्या आधी पोचली, गुडघ्यांवर बसली, हात पुढे केला. आणि टकलीनं डोळा उघडला. वैतागून पाहिलं. मग पंख्यासारखा पसरलेला पंख एकदम आपटला, पायानं माती मागे उडवली, पाठ मातीत घासली, मान घासली, उघडी गुलाबी छाती त्या काळ्या मातीत दाबून दाबून घासली, मातीचा फवारा सुवर्णाच्या तोंडावर, प्रसेनजितच्या पँटवर, तुळशीरामच्या टोपीवर. पुन्हा कुशीवर पडली, पाय ताणले, डोळा मिटला. पिंजऱ्यात जन्म गेलेल्या, माती कधी न पाहिलेल्या त्या पाखराला हे कुणी शिकवलं होतं? सुवर्णा ओरडली, ‘अवं माय! आंघोळ करून राह्यली ती! आंघोळ!’ तोंडात माती गेली होती, तिची चव लागत होती. दुसरी एक कोंबडी घोळक्यातून सुटली, पट्ट्याच्या कडेला आली, मान वाकडी करून टकलीकडे पाहिलं, आणि धपकन तिच्या शेजारी पडली. मग तिसरी. भिंतीवर अख्तरीखालांचं डोकं आलं होतं आणि त्या तोंडावर ओढणी धरून हसत होत्या.

‘साहेब,’ तुळशीराम टोपी झटकत म्हणाला, ‘दोरी धराची का मंग?’

सगळे प्रसेनजितकडे पाहू लागले. तो पँटवरची माती झटकायला वाकला होता, झटकता झटकता थांबला. सुवर्णा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर काय येणार हे तिला आधी कळायचं, आत्ता कळेना.

‘मिस्त्री,’ तो म्हणाला, ‘ते गट्टू दारापासून पायरीपर्यंतच बसवा. पाव्हन्यायच्या चपलापुरते. अन् उरलेल्याचं तथी त्या कोपऱ्यात खुराडं बांधून द्या. उंच बांधा, मुंगूस येते.’

‘अन् बाकीची माती?’

‘राहू द्या. मी कुदळीनं सारी मोकळी करतो.’ मग सुवर्णाकडे न पाहता म्हणाला, ‘समताले तू सांग. मी नाही सांगनार.’

समता फोनवर आधी रागावली, मग हसली, मग म्हणाली, ‘आई, तू किती मोठ्यानं बोलतेयस!’ तिला रोज कोंबड्यांचे फोटो हवे झाले. टकलीच्या मानेवर बारीक काटे फुटले, काट्यांतून पांढरी पिसं उलगडू लागली. सगळ्या कोंबड्या मातीत पाय मारू लागल्या, किडा सापडला की भांडू लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत ते भांडण पाहून सुवर्णाला हायसं वाटलं. एक दिवस ती दुपारच्या पाळीला जायला खाकी साडी नेसून, खांद्याला पर्स लावून मागच्या दाराला कडी घालायला आली. खुराड्याच्या भिंतीपाशी टकली एकटीच उभी होती. जवळ खाणं नव्हतं, वर घार नव्हती, कुणी हाकललं नव्हतं. टकलीनं मान पुढे काढली, दोन्ही पंख बाहेर फेकले आणि धावत सुटली. परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अर्धी जमिनीवर, अर्धी हवेत, पाय कुठे पडताहेत याचं भान न ठेवता. भिंतीपाशी जाऊन वळली आणि तशीच परत आली. कशासाठी नाही. नुसती. तिच्या मागे दुसरी निघाली, मग सगळ्याच.

सुवर्णानं पर्स पायरीवर टाकली. चपला काढल्या. निऱ्या उचलून कमरेला खोचल्या आणि मोकळ्या मातीत उडी घेऊन ती धावली. माती पायाच्या बोटांमधून वर येत होती, पेरूची फांदी डोक्याला लागली, कोंबड्या दोन्ही बाजूंनी फडफडत होत्या, आणि ती भिंतीला हात लावून वळली. पायरीवर प्रसेनजित चहाची कपबशी घेऊन उभा होता, तोंड उघडं टाकून.

‘सुवर्णा! काऊन पळून राह्यली? काय झालं?’

ती त्याच्याच दिशेनं येत होती, कोंबड्यांच्या पुढे, केस सुटलेले.

‘सरका!’ ती ओरडली. ‘अहो, सरका बाजूले!’

तो सरकला.